बेसबॉलचं वाटोळं कोण करतंय?

17 ऑक्टोबर 2025 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या मैदानावर डॉजर्स या बेसबॉल संघाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेव्ह रॉबर्ट्स हातात माइक घेऊन प्रेक्षकांना म्हणाले, की लोक म्हणतात डॉजर्स बेसबॉलचं वाटोळं करतायत, तर चला, आणखी चार सामने जिंकू आणि खरोखरच वाटोळं करू. त्या रात्री त्यांच्या शोहेई ओतानीने तीन होमर, म्हणजे षटकारासारखे फटके, मारले होते आणि पिचर, म्हणजे गोलंदाज, म्हणून दहा जणांना चेंडू हुकवायला लावून बाद (स्ट्राइकआउट) केलं होतं. समोर होता मिलवॉकीचा संघ. लीगमधलं सर्वांत लहान मार्केट, म्हणजे शहर आणि आसपासचा प्रेक्षकवर्ग, त्यांचं, तरी त्या हंगामात सर्वाधिक म्हणजे 97 विजय त्यांच्या नावावर. साखळीत डॉजर्सशी सहा वेळा गाठ पडली तेव्हा सहाही वेळा मिलवॉकी जिंकलं होतं. ऑक्टोबरातल्या प्लेऑफमध्ये मात्र चार सामन्यांत खेळ आटोपला, आणि प्रत्येक सामन्यात त्यांना जेमतेम एकेक धाव करता आली.

दोन आठवड्यांनी टोरंटोत वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना नेहमीच्या नऊऐवजी अकराव्या इनिंगपर्यंत लांबला. नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स पराभवापासून दोन आउट दूर होते. तेव्हा मिगेल रोहास या मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी ठेवलेल्या खेळाडूने होमर मारून बरोबरी साधली. मग विल स्मिथचा होमर, आणि शेवटी योशिनोबु यामामोटो, जो आदल्या रात्री सहा इनिंग टाकून सामना जिंकून बसला होता, तोच पुन्हा चेंडू घेऊन उभा. आपल्याकडे ती 2 नोव्हेंबरची सकाळ होती. त्याच दुपारी नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, त्यामुळे ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांचा तो रविवार सत्कारणी लागला.

1998 ते 2000 या काळात न्यूयॉर्क यांकीजनी सलग तीन जेतेपदं मिळवली. त्यानंतर लागोपाठ दोनदा जिंकणारा डॉजर्स हा पहिलाच संघ. गुलाल खाली बसायच्या आत ओरड सुरू झाली, की पैशाने विजेतेपद विकत घेता येत असेल तर या खेळात राम उरला नाही, आता सॅलरी कॅप आणाच. म्हणजे प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा यावर एक पक्की कमाल मर्यादा. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो, तेव्हा मालकांच्या मागण्यांत ही सर्वांत वर असणार हे उघड गुपित आहे. कमिशनर रॉब मॅनफ्रेड तो शब्द जपून उच्चारतात. तरीही 2025 मध्ये संघांच्या क्लबहाउसमध्ये फिरून ते खेळाडूंशी खेळाच्या अर्थकारणावर बोलत होते. फिलाडेल्फियात ब्राइस हार्पर या तिथल्या संघाच्या नामांकित खेळाडूने त्यांना तोंडावर सांगितलं, की कॅपबद्दलच बोलायचं असेल तर इथून निघा.

माझं मत हार्परच्या बाजूचं आहे, पण त्याची कारणं वेगळी. खेळाडूंचं हित हा हार्परचा प्रश्न. माझ्या डोळ्यांसमोर पिट्सबर्गचा प्रेक्षक आहे. त्याच्या नावाने मागितली जाणारी ही कॅप त्याच्या काहीही कामाची नाही. त्याला हवी आहे खर्चाची किमान मर्यादा, आणि टीव्हीच्या पैशाची प्रामाणिक वाटणी. यातलं पहिलं मालक कॅपच्या बदल्यातच द्यायला तयार आहेत, आणि दुसरं श्रीमंत मालकांना नको आहे.

दरी खोटी आहे असं मी म्हणत नाही. 2025 मध्ये पगारखर्चावरच्या लक्झरी टॅक्सची रेषा 24.1 कोटी डॉलरवर होती. ती ओलांडली म्हणून डॉजर्सना सुमारे 17 कोटी डॉलर दंड भरावा लागला. नुसता हा दंडच लीगमधल्या बऱ्याच संघांच्या वर्षभराच्या पगारखर्चाहून मोठा होतो. मायामीचा संघ तर 7 कोटींच्या आसपासच होता. ओतानीचा करार 10 वर्षांचा आणि 70 कोटी डॉलरचा, त्यातले 68 कोटी त्याला 2034 ते 2043 या काळात मिळायचे, तोवर वर्षाला 20 लाख. नियमाच्या चौकटीत बसणारी ही सोय पाहून कुणाच्या भुवया उंचावल्या तर ते रास्तच. पण दोन गोष्टी त्याच वेळी लक्षात ठेवाव्यात. अशी उधारी कुणीही करू शकत होतं. आणि ओतानीसाठी टोरंटोही तितकेच मोजायला तयार असल्याच्या बातम्या होत्या. डिसेंबर 2023 मध्ये टोरंटोकडे निघालेल्या एका खासगी विमानाचा माग हजारो लोक इंटरनेटवर काढत बसले होते, आणि ते उतरलं तेव्हा आत ओतानी नव्हताच.

डॉजर्सकडे हा पैसा येतो कुठून? 2013 साली त्यांनी स्थानिक टीव्ही प्रक्षेपणाचा 25 वर्षांचा करार केला, 835 कोटी डॉलरचा. अमेरिकी बेसबॉलची खरी गाठ इथे आहे. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे तीसही संघांत समान वाटले जातात, पण बहुतेक सामने स्थानिक वाहिन्यांवर दिसतात आणि ते उत्पन्न आधी त्या त्या संघाचं असतं. त्यातला 48 टक्के वाटा सामाईक पेटीत जातो आणि सर्वांत सारखा वाटला जातो. उरलेल्या निम्म्याहून अधिक भागात लॉस एंजेलिस आणि मिलवॉकी यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यात मार्च 2023 मध्ये निम्म्याच्या आसपास संघांचे सामने दाखवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि छोट्या शहरांच्या हातातला खात्रीचा पैसाही डळमळला. अमेरिकी फुटबॉलमध्ये कॅप टिकली याचं कारण तिथे प्रक्षेपणाचा पैसा जवळपास सगळा केंद्राकडे येतो आणि समान वाटला जातो. आपल्या आयपीएलचंही तसंच: 2023 ते 2027 या पाच वर्षांचे हक्क बीसीसीआयने 48,390 कोटी रुपयांना विकले, फ्रँचायझींनी स्वतंत्रपणे नाही. बेसबॉलच्या मालकांना ती वाटणी न करता फक्त मर्यादा हवी आहे.

आता पिट्सबर्ग. पॉल स्कीन्स हा या शहराचा पिचर 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, देशात पहिला निवडला गेला, 2024 मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 मध्ये पिचरचा सर्वोच्च असा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. सरासरी 1.97, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यात दोन धावाही नाहीत. आणि त्याची त्या वर्षीची विजय-पराजयाची नोंद? 10 विजय, 10 पराभव. जगातल्या सर्वोत्तम पिचरला त्याच्याच संघाने निम्म्या निकालांत हरवलं, कारण धावा करायला बॅटर नव्हते. संघ 91 सामने हरला. मे महिन्यात मॅनेजर डेरेक शेल्टन यांना काढलं. मॅनेजर काढणं ही मालकाला उपलब्ध असलेली सर्वांत स्वस्त कृती असते. तेवढ्या पैशात एक बरा बॅटरही मिळत नाही.

स्कीन्सचा 2025 चा पगार होता 8 लाख 75 हजार डॉलर. किमान वेतन 7 लाख 60 हजार. खेळाडू पहिली सहा वर्षं त्याच संघाशी बांधलेला असतो, त्यामुळे 2029 पर्यंत तो पिट्सबर्गचाच. म्हणजे जगातला सर्वोत्तम पिचर या मालकाला जवळजवळ फुकट मिळाला आहे, आणि त्याच्याभोवती संघ उभारायला त्याच्या हातात अनेक वर्षं आहेत. डॉजर्सनी यातलं काहीही अडवलेलं नाही. तरी 2023 पर्यंत या फ्रँचायझीने एकाही खेळाडूशी 10 कोटी डॉलरचा करार केला नव्हता. ज्या सुंदर मैदानात ते 2001 पासून खेळतात, नदीकाठचं, पलीकडे शहराची उंच इमारतींची रांग दिसणारं, त्याच्या बांधकामाचा मोठा वाटा सार्वजनिक पैशातून आला. त्याच मैदानात 2025 च्या पहिल्याच घरच्या सामन्यात प्रेक्षक ‘संघ विका’ अशा घोषणा देत होते.

हे शहर बेसबॉलला नवं नाही. महान खेळाडू रोबर्टो क्लेमेंटेचं हे शहर. 1971 आणि 1979 ची विजेतेपदं इथली. ऑक्टोबर 1992 मध्ये अटलांटात सातव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी सिड ब्रीम नावाचा मंदगती धावपटू घसरत घरच्या प्लेटला पोचला, म्हणजे निर्णायक धाव झाली, पिट्सबर्गचा तारा बॅरी बाँड्स याचा थ्रो किंचित उशिरा आला, आणि पिट्सबर्ग हरलं. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर सलग 20 हंगाम या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. वीस! तेव्हा शाळेत जाणारं पोर स्वतः बापाच्या वयाचं झालं. मधे 2013 ते 2015 तीन बरी वर्षं आली. मग 2018 च्या जानेवारीत गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन या दोन्ही प्रमुख खेळाडूंना एकाच आठवड्यात दुसरीकडे धाडलं. त्याच वर्षी खेळाडू संघटनेने पिट्सबर्ग, मायामी, ओकलंड आणि टँपा बे या चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली: सामाईक पेटीतून मिळणारा पैसा संघ सुधारण्यासाठी वापरायचा असतो, तो तुम्ही वापरत नाही.

समजा उद्या 25 कोटींची कॅप आली. डॉजर्सचे वाचलेले पैसे डॉजर्सच्या मालकाच्या खिशात जातील, पिट्सबर्गच्या बॅटिंगमध्ये नाही. 25 कोटींच्या जवळपासही न फिरकणाऱ्या मालकाला ही मर्यादा बांधत नाही. फक्त वरच्याला खाली ओढल्याचं समाधान मिळतं.

आणि ओढला तरी तो खाली येईलच असं नाही. रोकी सासाकी हा जपानी पिचर 25 वर्षांच्या आत अमेरिकेत आला. अशा परदेशी खेळाडूंवर करायच्या खर्चाला आधीच कडक मर्यादा आहे, त्यामुळे कुणीही मनमानी बोली लावू शकत नव्हतं. जवळजवळ सगळ्या संघांना तो परवडत होता. जानेवारी 2025 मध्ये त्याने निवड केली डॉजर्सची, 65 लाख डॉलरवर. पैसा सारखा केला की खेळाडू हवामान, सहकारी, प्रशिक्षक, जिंकण्याची शक्यता हे पाहतो, आणि ते सगळं लॉस एंजेलिसकडे होतंच. ओतानी स्वतः 2017 च्या शेवटी याच मर्यादेखाली एंजेल्स या दुसऱ्या संघाकडे गेला होता. तिथे माइक ट्राउटसारखा मोठा खेळाडू होता, मालक पैसे सोडत होता, आणि तरी सहा हंगामांत ओतानीला प्लेऑफचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. नियोजन नसलेल्या संघाला कॅपने अक्कल येत नाही. कोलोरॅडोचे मालक कॅपची उघड मागणी करणाऱ्यांत आहेत. त्यांचा संघ 2025 मध्ये 119 सामने हरला, आणि पगारखर्चात तो काही तळाला नव्हता.

कॅपवाल्यांचा आवडता दाखला अमेरिकी फुटबॉलचा. 2001 ते 2024 या 24 हंगामांत तिथे 13 वेगवेगळे विजेते झाले. एकट्या न्यू इंग्लंडला सहा वेळा, कॅन्सस सिटीला पाच वर्षांत तीनदा. त्याच काळात कॅप नसलेल्या बेसबॉलमध्ये 16 वेगवेगळे विजेते. आयपीएलमध्ये तर सुरुवातीपासून पर्सची मर्यादा आहे, लिलाव आहे, तरी 2025 पर्यंतच्या 18 हंगामांत मुंबई आणि चेन्नई यांनी मिळून 10 करंडक नेले. आयपीएलचं एक मात्र घेण्यासारखं आहे: 2025 साठी पर्स 120 कोटींची होती आणि त्यातले किमान 75 टक्के खर्च करणं बंधनकारक होतं. लिलावात खेळाडू हातोडा नेईल तिकडे जातो, हा भाग मात्र अमेरिकी खेळाडूंनी फार मोठी किंमत मोजून मागे टाकलेला आहे. 1969 मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूने त्याला न विचारता दुसऱ्या संघाशी झालेली अदलाबदल नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1972 मध्ये हरला आणि त्यात त्याची कारकीर्दही संपली. तीन वर्षांनी, 1975 च्या डिसेंबरात, पीटर साइट्झ या लवादाच्या निकालाने खेळाडूला एकाच संघाशी जखडणारी ती आयुष्यभराची बांधिलकी तुटली. त्यानंतर दहा वर्षांनी मालकांनी आपसांत संगनमत करून मोकळ्या खेळाडूंना बोलीच न लावण्याचा उद्योग केला आणि 1990 मध्ये 28 कोटी डॉलर भरून तो मिटवला. संघटना मालकांच्या शब्दावर विश्वास का ठेवत नाही, याचं उत्तर इथे आहे.

बेसबॉलमध्ये विजेते बदलत राहतात यात व्यवस्थेचं कर्तृत्व फारसं नाही, हेही सांगायला हवं. तो खेळाचा स्वभाव. 162 सामन्यांत गुणवत्ता वर येते, पण पाच किंवा सात सामन्यांच्या मालिकेत एक वळलेला चेंडू पुरतो. 2023 मध्ये शंभर किंवा अधिक सामने जिंकणारे तीनही संघ पहिल्याच मालिकेत गारद झाले, आणि 84 विजयांवर कसाबसा आत आलेला ॲरिझोना वर्ल्ड सिरीजला पोचला. न्यूयॉर्क मेट्सनी 2023 मध्ये तोवरचा विक्रमी पगारखर्च करून 75 सामने जिंकले. 2025 साठी हुआन सोटोला 15 वर्षांचे 76.5 कोटी दिले आणि पुन्हा प्लेऑफ हुकला. उलट टँपा बे वर्षानुवर्षं तळाच्या खर्चात राहून 2020 मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यापर्यंत आलं. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सच्या बॅटरना नाचवत होता, तेव्हा मॅनेजर केव्हिन कॅश यांनी 73 चेंडूंनंतर त्याला बाहेर काढलं, कारण तिसऱ्यांदा समोर येणारे बॅटर पिचरला ओळखतात असं आकडे सांगत होते. काही मिनिटांत आघाडी गेली, सामना गेला, सिरीज गेली. तोच स्नेल 2025 मध्ये डॉजर्सकडून खेळत होता. म्हणजे पैशाने विजेतेपद मिळत नाही, दर ऑक्टोबरला नशीब आजमावायची संधी मिळते. ही संधी पिट्सबर्गला तीस वर्षांत तीनदा मिळाली, डॉजर्सना 2013 पासून दरवर्षी. अन्याय तिथे आहे. तो मोडायचा तर खालच्याला वर ढकलावं लागेल.

कॅपसाठी मालकांनी किती ताणलं होतं याचीही आठवण ठेवावी. 12 ऑगस्ट 1994 ला संप सुरू झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज झालीच नाही. 1904 नंतर प्रथमच. तेव्हा 74 विजय आणि 40 पराभवांसह सर्वांत पुढे कोण होतं? माँट्रियल. छोट्या मार्केटचा, कमी खर्चाचा, तरुण खेळाडूंनी भरलेला संघ, ज्याच्या भल्यासाठी कॅप हवी असं सांगितलं जात होतं. संप मिटल्यावर त्याच्या मालकांनी एकेक करून चांगले खेळाडू विकले किंवा सोडले, आणि दहा वर्षांनी तो संघच वॉशिंग्टनला निघून गेला. लहान शहराच्या कैवाराचं इतकं चोख उदाहरण दुसरं नसेल.

खेळाडू संघटनेलाही मी सोडणार नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मालकांनी 10 कोटी डॉलरच्या किमान खर्चाचा प्रस्ताव ठेवला, सोबत टॅक्सची रेषा 18 कोटींपर्यंत खाली आणण्याची अट घालून. संघटनेने तो नाकारला, ते बरोबरच होतं. पण स्वतःचा, अटीशिवायचा किमान मर्यादेचा प्रस्ताव घेऊन ती जोरात मैदानात उतरली नाही, कारण किमान मान्य केलं की कमाल मागोमाग येईल अशी तिला धास्ती आहे. या धास्तीची किंमत सोटो किंवा ओतानी देत नाहीत. ती देतात तिशीतले मध्यम दर्जाचे खेळाडू, ज्यांना पिट्सबर्ग आणि मायामीने खर्च केला असता तर दोन-तीन वर्षांचे करार मिळाले असते.

किमान मर्यादा आली की काही मालक एखाद्या थकलेल्या खेळाडूला फुगवलेला पगार देऊन कोरम भरतील, हा आक्षेप खरा आहे. भरू द्या. निदान पैसा मैदानात येईल, आणि एकदा खर्च करायचाच म्हटल्यावर तो वाया घालवणाऱ्याला स्वतःच्या गावात तोंड दाखवणं जड जाईल. सोबत स्थानिक टीव्हीचा सगळा पैसा एका पेटीत यायला हवा. तिथे डॉजर्स, यांकीज, बॉस्टन अडून बसतील. त्यांच्याशी भांडण्याऐवजी कमी श्रीमंत मालक खेळाडूंशी भांडायला निघाले आहेत, कारण तिथे तीसही जण एका बाजूला बसतात.

ओकलंडने या सगळ्याचा शेवट पाहिला. मालकाने खर्च थांबवला, संघ 2023 मध्ये 112 सामने हरला. ‘लोक येत नाहीत’ हे कारण पुढे केलं गेलं, तेव्हा 13 जून 2023 ला एका मंगळवारी सत्तावीस हजारांहून अधिक लोक मुद्दाम मैदानात आले आणि ‘विका’ असं लिहिलेले शर्ट घालून बसले. तरी 26 सप्टेंबर 2024 ला तिथला शेवटचा सामना झाला. आता संघ तात्पुरता वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतो आणि लास व्हेगासला जायचं ठरलं आहे, जिथे नेवाडा राज्याने 38 कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक मदत मंजूर केली. कॅप असती तर यातलं काय थांबलं असतं, हे कुणी मला समजावून सांगावं.

तेव्हा करारासाठी बसल्यावर संघटनेने पहिल्या दिवशी एकच मागणी करावी: हिशेब दाखवा. अटलांटाचा संघ शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा आहे, त्यामुळे त्याचे उत्पन्न-खर्चाचे आकडे दर तिमाहीला कुणालाही वाचता येतात. बहुतेक संघांच्या वह्या बंद असतात, आणि परवडत नाही हे आपण त्यांच्या तोंडून ऐकतो. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानात खेळणाऱ्या, सामाईक पेटीतून दरवर्षी वाटा घेणाऱ्या पिट्सबर्गच्या मालकाने तो वाटा कशावर खर्च केला ते टेबलावर ठेवावं. ते आकडे समोर आल्यानंतर कॅपवर बोलायला माझी हरकत नाही.